‘मी’चा ‘तो’ करणाऱ्या बाई

एनिडबाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्याच घोळामुळे. इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मला लागून चार दिवस झाले होते. काम फोनवरचं. सकाळी कोणी आजारी पडलं, कोणाचं पोर तापलं, की ते फोन करायचे आणि मी तो निरोप चिठ्ठीवर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. चौथ्या दिवशी मिसेस साइक्स नावाच्या बाईंचा फोन आला. मी छान वळणदार इंग्रजीत लिहिलं, ‘मिसेस साइक्स म्हणाल्या मी आज येणार नाही,’ आणि कामाला लागले. आपण बोलतो तसंच लिहिलं होतं, त्यात चुकण्यासारखं काय आहे असं मला तेव्हा वाटलं.

दुपारी आमचे साहेब, मिस्टर क्रॉदर, समोर येऊन उभे राहिले. “तू आलीयेस?” म्हणाले. “मग येणार नाही असं मिसेस साइक्सला कशाला सांगून ठेवलंस? आणि ती बाई कुठे गेली? अर्धा कारखाना तिला शोधतोय.”

माझ्या नावापुढे गैरहजेरी लागलेली, आणि घरी अंथरुणात पडलेल्या मिसेस साइक्सची पॅकिंगपासून भट्टीपर्यंत शोधाशोध चाललेली. मला काही उमगेना. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला आणि एक कोरडा आवाज आला, “तिला रागावू नका, मिस्टर क्रॉदर. ‘मी’चं काय करायचं ते तिला कोणी सांगितलेलं नाही.”

त्या एनिड हेबलथ्वेट. वय तेव्हा पन्नाशीला आलेलं, राखी स्वेटर, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की ही बाई सकाळीच दमून उठली असावी. चहाच्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवलं. “शालन, पोरी, दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगायचं असेल तर त्याचा ‘मी’ आपल्याजवळ ठेवायचा नाही. तो आपला होऊन बसतो. ‘मिसेस साइक्स म्हणाल्या की त्या त्या दिवशी येणार नव्हत्या.’ कळलं?”

“पण त्या तर ‘मी’ म्हणाल्या.”

“म्हणाल्या असतील. आपल्याला काय त्याचं?”

मी चिडले. माणूस ‘मी’ म्हणतो आणि तुम्ही त्याचा ‘तो’ करता, ‘आज’चा ‘त्या दिवशी’ करता, ‘इथे’चं ‘तिथे’ करता, मग त्या माणसाचं उरतं काय? आपल्याकडे बरं असतं, बोललेलं जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटी ‘असं म्हणाला’ची गाठ मारायची. त्यात ही आणखी गंमत की इंग्रज ‘मी’ लिहितो तो कायम मोठ्या अक्षरात, वाक्याच्या मध्ये आला तरी ताठ उभा. आणि दुसऱ्याने सांगायची वेळ आली की त्याच ‘मी’ला मुकाट खाली बसवायचं. हे सगळं मी एनिडबाईंना बोलून दाखवलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी आपल्या पिशवीतली मोडकी बिस्किटं माझ्यापुढे केली. कारखान्यात दर शुक्रवारी आम्हा सगळ्यांना ती मिळायची. त्या दिवसापासून आमचं जमलं.

एनिडबाईंचं काम मिनिट्स, म्हणजे बैठकीत कोण काय बोललं त्याची नोंद, लिहिण्याचं. सभा, तक्रारी, चौकशा, कामगाराला जाब विचारायचा असेल तर ती बैठक, या सगळ्यांत त्या कोपऱ्यात बसून शॉर्टहँडमध्ये लिहून घ्यायच्या आणि मग टाइप करायच्या. अशी एकतीस वर्षं. दुसरे लोक आधी बोललेलं तसंच उतरवतात आणि टाइप करताना ‘मी’चा ‘तो’ करतात. एनिडबाई ऐकतानाच करायच्या. समोरचा म्हणायचा, “मी उद्या इथे येईन,” आणि त्यांच्या वहीत थेट उतरायचं की तो दुसऱ्या दिवशी तिथे येणार होता. मध्ये श्वासाचंही अंतर नाही. आसपासच्या कुठल्याच कारखान्यात हे कोणाला जमत नसे आणि बाईंना त्याचा अभिमान होता. अभिमान वाटावा असं त्यांच्याकडे दुसरं फारसं नव्हतंही. लग्न केलं नाही. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं, तिचं उरकून कामाला यायच्या आणि काम उरकून तिच्याकडे जायच्या. आई गेल्यावर आता बाई जरा मोकळ्या होतील असं मला वाटलं होतं, पण थकवा अंगातच मुरला होता, तो गेला नाही.

त्यांचा एक नियम मात्र आईमुळेच आलेला. लहानपणी घरात कोणाचं नाव न घेता नुसतं ‘ती’ म्हटलं की त्यांची आई खेकसायची, “ती म्हणजे कोण? मांजराची आई?” यॉर्कशरमधल्या सगळ्याच आया पोरांना असं दटावतात, पण एनिडबाईंच्या ते हाडात भिनलं. एका वाक्यात दोन पुरुष आले आणि पुढे ‘तो’ आला, तर तो कोणता? यासाठी त्यांनी कंस योजला होता. जो बोलतोय त्याच्याचबद्दल ‘तो’ असेल तर नुसतं ‘तो’. दुसऱ्याबद्दल असेल तर ‘तो’च्या पुढे कंसात दुसऱ्याचं नाव. एवढंच. मला त्यांनी हे शिकवलं आणि मला वाटलं, अख्ख्या इंग्लंडात मिनिट्स अशीच लिहितात.

मी लागल्याला नऊ वर्षं झाली त्या ऑक्टोबरात बिस्किटं कापणाऱ्या यंत्रावर अपघात झाला. यंत्राच्या पात्यांवर लोखंडी जाळी असते. ती सफाईसाठी काढतात आणि परत लावतात. त्या दिवशी कोणीतरी काढली ती लावली नाही, आणि लोरेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची दोन बोटं गेली. त्या पाळीला जाळी काढण्याचा अधिकार दोघांनाच होता. एक फोरमन हर्बर्ट सग्डन, दुसरा फिटर आर्नल्ड लम्ब. क्रॉदरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सग्डनला बोलावून त्याचा जबाब घेतला. खोलीत तिघंच, साहेब, सग्डन आणि लिहून घ्यायला एनिडबाई. सग्डनने सही केली, घरी गेला, आणि तीन आठवड्यांनी हृदयविकाराने वारला.

त्या जबाबात अपघातानंतरच्या क्षणाबद्दल एक वाक्य होतं. ते मी मराठीत सांगते, कारण मराठीतही ते तेवढंच अडचणीचं आहे. ‘मिस्टर सग्डन म्हणाले की त्यांनी मिस्टर लम्बना सांगितले की त्यांनी जाळी काढून ठेवली होती.’

आता सांगा, जाळी कोणी काढून ठेवली? सग्डन आपली चूक कबूल करत होता, की लम्बला दोष देत होता? क्रॉदरसाहेबांनी वाचलं, लम्बने. फोरमन म्हणजे कंपनीचा माणूस, त्याची चूक ती कंपनीची चूक. फिटरची चूक ती फिटरची. लम्ब ओरडून सांगत राहिला की सग्डनने त्याच्यापाशी स्वतःची चूक कबूल केली होती, पण सग्डन मातीखाली होता आणि कागद टेबलावर होता. सव्वीस वर्षांची नोकरी एका दुपारी गेली.

नोकरीचं एक वेळ सोडून द्या. लोरेनचं घर लम्बच्या घराला लागून. तिची आई त्याला बघून रस्ता ओलांडायची. क्लबात तो डॉमिनो खेळायला बसला की टेबल रिकामं व्हायचं. त्याच्यासमोर वाईट कोणी बोलत नव्हतं, कारण त्याच्याशी कोणी बोलतच नव्हतं. त्याने अपील केलं तेव्हा युनियनच्या माणसाने त्याला सरळ सांगितलं, “आर्नल्ड, सगळं त्या एका ‘त्यांनी’वर आहे.”

एका शनिवारी बाजारातल्या चहाच्या टपरीवर मी आणि एनिडबाई लोणी लावलेला टीकेक नावाचा गोडसर पाव खात बसलो होतो. तिथे लम्ब आला. उंच माणूस, पण त्या दिवशी खांद्यातून वाकलेला.

“बसू का, मिस?”

“बस की. खुर्ची काय माझ्या बापाची आहे?”

त्याने घडी घातलेला कागद उलगडून ठेवला. “हे तुम्ही लिहिलंय.”

“टाइप मी केलंय. बोलला सग्डन.”

“तेच विचारायला आलोय. काय बोलला तो?”

एनिडबाईंनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. परत वाचलं. मग कागद त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “यात कंस नाहीये, आर्नल्ड.”

“कसला कंस?”

“दुसऱ्या ‘त्यांनी’च्या पुढे तुझं नाव कंसात नाहीये. म्हणजे तो ‘त्यांनी’ बोलणाऱ्याचाच. जाळी सग्डननेच काढून ठेवली होती.”

लम्ब त्यांच्याकडे बघतच राहिला. “एवढं सरळ असताना मला घरी कशाला बसवलं?”

“कारण हा नियम माझा आहे. वाचणाऱ्यांना तो कोणी सांगितला नव्हता.”

मी चहा खाली ठेवला. “म्हणजे? साहेबांना माहीत नाही? आपल्या आधीच्या साहेबांना?”

“कोणी विचारलं नाही,” एनिडबाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं ही बाई कंस घालत होती आणि ते कोणी वाचलेच नव्हते. शोभेला असतात असं समजत असतील. मला त्या साहेबलोकांचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही आला. कोणी विचारलं नाही म्हणे. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? लम्ब मात्र उठून उभा राहिला होता. “हे तुम्ही अपिलात सांगाल, मिस?”

“सांगेन. पण आधी मला माझे कागद बघू दे.”

“कशाला? तुम्हीच म्हणालात ना आत्ता?”

“बघू दे,” त्या म्हणाल्या.

सोमवारी क्रॉदरसाहेबांनी बाईंना बोलावलं. बाजारातली गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, आमचं गाव एवढंसं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. “मिस हेबलथ्वेट, निवृत्तीला तुमचे पाच आठवडे राहिलेत. केक होईल, भाषणं होतील, घड्याळ मिळेल. शांतपणे जा की.”

“खोलीत तुम्हीही होतात, मिस्टर क्रॉदर. सग्डन काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत.”

“कागदावर जे लिहिलंय तेच मी ऐकलं,” साहेब म्हणाले.

मग सुरू झालं ते कागद बघणं. बाईंची शॉर्टहँडची वही होती, पण तिचा उपयोग नव्हता. त्यांनी ऐकतानाच ‘मी’ मोडून टाकलेला, त्यामुळे वहीतही तोच ‘त्यांनी’ आणि कंस नाही. आता प्रश्न एवढाच उरला होता की कंसाचा नियम त्यांनी एकतीस वर्षं न चुकता पाळला का. तळघरात पत्र्याच्या कपाटांत वर्षावर्षांचे गठ्ठे होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी तिथे खाली जायचो, सँडविच मांडीवर, आणि पान पान वाचायचो. पुढच्यामागच्या मजकुरावरून खरा ‘तो’ कोण ते ठरवायचं आणि कंस बरोबर आहे का बघायचं.

ते वाचून वाचून मी खचले. भांडणं, उशिरा येणं, चोरलेलं लोणी, कोणी कोणाला काय म्हणालं. तो म्हणाला की तो, ती म्हणाली की तिला. एवढी माणसं एवढं तळमळून बोलली होती आणि कागदावर एकाचाही ‘मी’ नव्हता. एका दुपारी मी म्हणाले, “कंटाळा नाही आला कधी तुम्हाला?”

“रोज यायचा,” एनिडबाई म्हणाल्या. “घरी आईचं ‘मला हे दे, मला ते दे.’ इथे येऊन निदान ‘मला’चं ‘तिला’ करता यायचं. तेवढंच बरं वाटायचं, पोरी.”

कंस सगळे बरोबर होते. रोज नवा गठ्ठा, आणि एकही चूक नाही. मी मनातल्या मनात लम्बला कामावर परत घेऊनही टाकलं होतं. अपिलाच्या आदल्या दिवशी शेवटून दुसरा गठ्ठा उघडला. कॅन्टीनमधल्या दोन बायकांचं किल्ल्यांवरून भांडण. मिसेस पोगसन म्हणाल्या की त्यांनी मिसेस टॅटर्सलना सांगितलं की त्यांनी किल्ल्या घरी नेल्या होत्या. कंस नाही. म्हणजे किल्ल्या पोगसनबाईंनी नेल्या. आणि खालच्याच ओळीत, टॅटर्सलबाईंनी कबूल केलं की किल्ल्या त्यांच्या स्वतःच्याच घरी सापडल्या. म्हणजे इथे कंस हवा होता, आणि तो नव्हता.

मी तारीख पाहिली. बाईंच्या आईला पुरून दोन दिवस झाले होते. मला आठवलं, रजा असून त्या कामाला आल्या होत्या, घरी बसून करू काय म्हणत.

एनिडबाईंनी पान हातात घेतलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

“ठेवा ते आत,” मी म्हणाले. “तुम्ही आणि मी सोडून हे कोणी बघितलेलं नाही.”

त्यांनी पान आत ठेवलं, गठ्ठ्याला नाडी बांधली, कपाट लावलं. मला हायसं वाटलं.

अपिलाच्या दिवशी एनिडबाई साक्षीला, म्हणून मिनिट्स लिहायला पहिल्यांदाच मला बसवलं. मोठ्या कचेरीतून अध्यक्ष आले होते, वृद्ध, एका कानात यंत्र. एका बाजूला क्रॉदरसाहेब, दुसरीकडे लम्ब, लग्नाबिग्नाला घालायचा निळा सूट घालून. शेजारी युनियनचा माणूस.

एनिडबाईंनी नियम सांगितला. जुने चार गठ्ठे उघडून कंस दाखवले. अध्यक्षांनी चष्मा पुसून पुसून पाहिले आणि म्हणाले, “छे, छे, मी अशी शेकडो मिनिट्स वाचली असतील, आणि हे काय आहे ते मला आज कळतंय.” लम्बच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला. युनियनच्या माणसाने तर कागद आवरायला घेतले होते.

तेव्हा क्रॉदरसाहेबांनी सावकाश विचारलं, “मिस हेबलथ्वेट, एकतीस वर्षांत हा कंस घालायला तुम्ही कधी विसरलात का?”

एनिडबाईंचे ओठ हलले. आवाज इतका बारीक की मी दीड हातावर बसून जेमतेम ऐकला. “एकदा,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना ऐकूच आलं नाही. कानातलं यंत्र ठीकठाक करत ते माझ्याकडे वळले. “काय म्हणाल्या त्या? वाचून दाखवा जरा.”

माझ्या वहीत अजून काही लिहिलेलं नव्हतं. पेन्सिल टेकवली होती, एवढंच. मी लम्बकडे पाहिलं. त्याच्या सुटाची बाही आखूड झाली होती, ती तो खाली ओढत होता. आणि मी म्हणाले, “मिस हेबलथ्वेट म्हणाल्या की त्या कधीच विसरल्या नव्हत्या.”

चांगलं चोख इंग्रजी वाक्य. ‘मी’चं ‘त्या’ केलेलं, काळ मागे नेलेला. एनिडबाईंनीच शिकवलेलं.

अध्यक्षांनी मान डोलावली. क्रॉदरसाहेब काही बोलणार होते, पण त्यांनाही नीट ऐकू आलं नसावं. दोन क्षण असे गेले की सगळं झालं असं मला वाटलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एनिडबाई उभ्या राहिल्या होत्या. एकतीस वर्षं त्या खोलीत बसून या बाई कधी न विचारता बोलल्या नव्हत्या.

“मिनिट्समध्ये चूक आहे, सर,” त्या म्हणाल्या, आता स्वच्छ, सगळ्यांना ऐकू येईल असं. “मी ‘कधीच नाही’ म्हटलं नाही. मी ‘एकदा’ म्हटलं. लिहिणारीकडून चूक झाली, या कामात ती नवी आहे. मी एकदा विसरले.”

“मग सग्डनच्या जबाबातही विसरला असाल?” क्रॉदरसाहेब म्हणाले.

“तसं मला वाटत नाही.”

“मी तुम्हाला काय वाटतं ते विचारत नाहीये. विसरला असणं शक्य आहे का?”

“शक्य आहे,” एनिडबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

लम्बचं अपील फेटाळलं गेलं. निकाल यायला वीस मिनिटंही लागली नाहीत. मला तंबी मिळाली, आणि परत फोनवर बसायचं म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बसथांब्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. शेवटी मला राहवलं नाही. “झालं समाधान? एका फाटक्या पानापायी माणूस बुडवलात.”

“ते खरं होतं, शालन.”

“खरं! सग्डनने जाळी काढली हेही खरंच होतं ना? ते कुठे गेलं?”

“तू खोटं वाचलंस ते मी चालवून घेतलं असतं,” त्या हळू म्हणाल्या, “तर त्या कपाटातलं एक तरी पान कोणी खरं का मानावं? पुढे कोणी असाच दाद मागायला आला तर त्याला काय दाखवायचं?”

“त्या पुढच्याला मी ओळखत नाही. आर्नल्डला ओळखते.”

त्या बस येतेय का ते बघायला लागल्या. बोलण्याइतकं त्राण नव्हतं त्यांच्यात, आणि माझ्यात भांडण्याइतकं नव्हतं. मी त्यांच्यावर रागावले होते आणि मला त्यांचं वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

लम्ब रस्ता ओलांडून आला. निळा सूट तसाच, टाय खिशात. मला वाटलं, आता हा बाईंना काही वेडंवाकडं बोलणार, आणि बोलला तर मी अडवणार नाही असंही मी ठरवलं. पण तो त्यांच्या समोर नुसता उभा राहिला.

“झालं ते झालं, मिस. मला एकच सांगा. अपील गेलं खड्ड्यात. त्या दिवशी खोलीत सग्डन बोलला तेव्हा तुम्ही होतात. तो कसा बोलला? ‘मी’ म्हणाला ना? माझ्याशी तो ‘मीच’ म्हणाला होता. दुसऱ्या कोणीतरी ऐकलंय एवढं मला कळलं तरी पुरे.”

एनिडबाईंनी डोळे मिटले. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. मनापासून करत होत्या, मी बघत होते.

“नाही रे आठवत,” त्या म्हणाल्या. “मला लोकांचा ‘मी’ ऐकूच येत नाही आता, आर्नल्ड. किती वर्षं झाली. कानात शिरतो तोच ‘तो’ होऊन शिरतो.” त्यांचे डोळे भरून आले होते. “पण माझा तुझ्यावर विश्वास आहे. तो तुला काय म्हणाला ते तू मला सांग. मी माझ्या तोंडाने म्हणते. म्हणजे दोघं झालो.”

लम्बने ते सांगितलं, एकेक शब्द तोलून, जसा तो त्याने दोन महिने जपून ठेवला होता तसा. “लोरेनच्या हाताला फडकं गुंडाळत होता तो. वर बघून मला म्हणाला, ‘आर्नल्ड, जाळी मीच काढून ठेवली रे.’”

एनिडबाईंनी मान हलवली. हातमोजा काढून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “तो म्हणाला की जाळी त्याने काढून ठेवली होती.”

बस आली तरी आम्ही तिघं तिथेच उभे होतो. एनिडबाईंना आपण काय बोललो ते कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, ‘मीच’ म्हणायचा परत प्रयत्न केला, आणि पुन्हा तेच आलं, “त्याने.”